सिंगापूर क्रूझ : शेवटच्या दिवशी उतरायचं कसं?

बी-७०३ : नमस्कार. ज्येष्ठ नागरिक संघाच्या सिंगापूर क्रूझची यादी काल आली. माझ्या आईबाबांच्या नावापुढे शेवटच्या दिवशी 'सेल्फ असिस्ट' लिहिलंय. म्हणजे आपल्या बॅगा आपणच ओढत जहाजावरून उतरायचं. आईचे दोन्ही गुडघे बदललेत हे अख्ख्या बी विंगला माहीत आहे. कोणी ठरवलं हे? आम्हाला विचारलं का?

सेक्रेटरी : ताई, हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. सहलीचं सहलीच्या ग्रुपवर बोलावं ही विनंती 🙏

बी-७०३ : तिकडेच विचारतेय सर. निळी टिक येते, उत्तर येत नाही.

सी-१०१ : अष्टविनायक सहलीचा हिशोब अद्याप मिळालेला नाही. कृपया ग्रुपवर टाकावा.

डी-६०२ : सगळ्यांनाच सेल्फ लावलंय, एकट्या तुमच्या आईंना नाही. त्यात पहिल्यांदा उतरता येतं. दुपारी सव्वाचं विमान आहे. बॅगांची वाट बघत बसलो तर चुकेल. यात राजकारण काय आहे?

बी-७०३ : राजकारण मी म्हटलंच नाही. तुम्हीच म्हणताय.

ए-११०२ : 🍿

ए-३०४ काकू : जरा थांबा दोघंही. आम्ही फेब्रुवारीत याच रूटने जाऊन आलो. सिंगापूर, पिनांग, फुकेत, परत सिंगापूर. माझी पण पाठ अशी, की भाजीची पिशवी उचलायची चोरी. आम्ही सेल्फ घेतलं नव्हतं, तरी सगळ्यात आरामात उतरलो. चहा टाकून येते, मग सविस्तर लिहिते.

बी-२०१ नाना : उतरायचं म्हणाल तर आमच्या वेळी कोकण बोटीतून देवगडला उतरायचं म्हणजे दिव्य. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. देवगडला बोट भर समुद्रात उभी, पडाव म्हणजे छोटी होडी जवळ यायची. लाट पडावाला वर घेऊन आली की खलाशी ओरडायचा 'आता', आणि दंडाला धरून खाली ओढायचा. आमच्या आजीला असं उतरवलंय. नऊवारीत, हातात फणस.

सी-४०३ : नाना, फणस मुंबईहून देवगडला? 😄

बी-२०१ नाना : परतीच्या वेळचं सांगतोय मी. चढताना.

ए-११०२ : नाना, आता उतरण्याचं चाललंय.

बी-२०१ नाना : तुम्हाला समुद्र माहीत नाही म्हणून हसता. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट रेवसला जाताना बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली.

सी-२०२ वहिनी : नाना, लोक प्रवासाला निघालेत हो. आमचे हे पण जाणार आहेत. हे काय आत्ता?

सेक्रेटरी : सूचना : उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवावे.

ए-३०४ काकू : आले. नीट वाचा.

शेवटच्या दिवसाचं सगळं आदल्या रात्री ठरतं. केबिनमध्ये रंगाचे, नंबर घातलेले टॅग देतात. ते मोठ्या बॅगेला लावायचे आणि बॅग रात्री दाराबाहेर ठेवायची. आम्हाला अकराची वेळ होती. रात्रीत सगळ्या बॅगा खाली नेतात आणि जहाज धक्क्याला लागलं की सगळ्यात आधी त्या उतरवतात. सकाळी आपण नाश्ता करून, सांगितलेल्या जागी बसून राहायचं. आपल्या रंगाचा पुकारा झाला की हातातली पर्स घेऊन चालत जायचं. खाली टर्मिनलमध्ये त्याच रंगाच्या पाटीखाली बॅगा रांगेत उभ्या असतात.

सेल्फ म्हणजे रात्री बॅग द्यायची नाही. सकाळी लिफ्टपाशी हजारो माणसांत ती घेऊन उभं राहायचं. मग गँगवेचा, म्हणजे जहाजावरून धक्क्यावर यायच्या पुलाचा, उतार. तरण्या पोरांना ठीक. आपल्या संघातल्या कोणालाही नको.

बी-७०३ : काकू, हेच. हेच कोणी सांगत नव्हतं. 🙏🙏

डी-६०२ : काकू, तुमचं बरोबर असेल, पण विमानाचं काय? एजंट म्हणाला सेल्फशिवाय गॅरंटी नाही.

ए-१२०५ : एजंट म्हणजे आपल्याच मेव्हण्यांची एजन्सी ना? की वेगळी?

डी-६०२ : मेव्हण्याचं नाव काढायचं काम नाही. एक रुपया मी घेतलेला नाही. चार महिने धावपळ करतोय. ज्याला जमतं त्याने पुढच्या वेळी करावं.

ए-१२०५ : मी फक्त विचारलं. एवढं लागायचं कारण नाही.

सी-१०१ : याच संदर्भात, अष्टविनायक सहलीचा हिशोब कृपया टाकावा.

*ए-११०२ यांनी मेसेज डिलीट केला.*

सी-२०२ वहिनी : काय होतं ते? वाचायच्या आत उडवलं.

ए-३०४ काकू : भांडू नका. डी-६०२ धावपळ करतात हे खरंच आहे, आम्हाला व्हिसाला किती मदत केली. पण विमानाचं ऐका. आमचं पण दुपारचंच होतं. जहाजावर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर तिकीट दाखवलं आणि लवकरच्या नंबरचा टॅग मागून घेतला. विमान लवकर असेल तर तसा देतात, मागावा लागतो. मरिना बे क्रूझ सेंटरपासून चांगी विमानतळ टॅक्सीने साधारण अर्धा तास.

आणि गुडघेवाल्यांनी व्हीलचेअर सांगून ठेवायची. लाजायचं नाही. बुकिंगच्या वेळीच कळवायचं, जहाजावर चढल्यावर परत आठवण करायची. त्यांना वेगळ्या हॉलमध्ये बसवतात आणि माणूस खुर्ची ढकलत पार इमिग्रेशनच्या पुढे बॅगांपर्यंत नेतो. आमच्या ह्यांना नेणारा मुलगा मडगावचा निघाला. गँगवेच्या पट्टीवर चाक अडखळतं, तिथे त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि स्वतः पाठमोरा आधी उतरला, सावकाश. वर कोंकणीत ह्यांना म्हणतो, 'भियेनाकात'. मला तिथेच भरून आलं. आपण आपल्या माणसांना घाईत कसं ओढतो, आणि हा परका पोरगा.

बी-७०३ : काकू, वाचून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती जायचंच नाही म्हणत होती कालपासून.

ए-३०४ काकू : जायचं म्हणजे जायचंच. सांग तिला मी सांगितलं म्हणून. आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरले तिने. पहाटे डेकवर उभं राहून सूर्य वर येताना बघायचा आणि आयता चहा प्यायचा.

सी-४०३ : काकू, ड्यूटी फ्रीचं काय? (मित्रासाठी विचारतोय)

ए-११०२ : मित्र सी-४०३ मध्येच राहतो 😄

ए-३०४ काकू : मित्राला सांगा, जहाजावर घेतलेली बाटली शेवटच्या रात्री हातात देतात. मलेशियातून सरळ सिंगापूरला येणाऱ्याला दारूवर सूट नाही. आपलं शेवटचं बंदर फुकेत, म्हणून मर्यादेत चालतं. सिगारेटवर मात्र कुठूनही आलात तरी सूट नाही. आणि ती वाफेची सिगारेट तर जवळ बाळगणंसुद्धा तिथे गुन्हा आहे. नातवाची चुकून बॅगेत राहिली, हे तिथे कोणी ऐकून घेत नाही.

सी-२०२ वहिनी : मला भीती वाटते ती बोटीची. नानांनी आणखी घाबरवलं. काही झालं तर?

ए-३०४ काकू : म्हणूनच तो सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम, चुकवायचा नाही. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकाला लागून कलंडली, ३२ माणसं गेली. तिच्यावर नुकतेच चढलेले कितीतरी लोक ड्रिल व्हायच्या आतच अडकले. त्यानंतर नियम बदलला, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल घ्यावाच लागतो. आपलं जमायचं ठिकाण कार्डावर लिहिलेलं असतं, एकदा चालत जाऊन बघून यायचं. आणि बोट लागते म्हणाल तर केबिन मधल्या भागात, खालच्या डेकवर घ्यायची. तिथे हलणं कमी.

बी-२०१ नाना : हे बरोबर सांगितलंत. मी घाबरवायला नव्हतो सांगत. समुद्राचा मान राखावा एवढंच म्हणणं.

सी-२०२ वहिनी : नाना, रागावू नका. 🙏

ए-१२०५ : आमच्या ऑफिसमधले एक जण गेले होते. शेवटच्या सकाळी बिलाच्या रांगेतच दीड तास गेला म्हणाले.

ए-३०४ काकू : कारण बिल सकाळी बघितलं. जहाजावर रोख चालत नाही, सगळं कार्डावर चढत जातं, डॉलरमध्ये. रोजची माणशी टिप पण त्यातच जोडतात. आदल्या संध्याकाळी केबिनमधल्या टीव्हीवर बिल बघायचं आणि काही चुकीचं असेल तर तेव्हाच काउंटरवर जायचं. आमच्या बिलात कोणाची तरी कॉफी चढली होती, दोन मिनिटांत काढली. फोन समुद्रात फ्लाइट मोडवरच ठेवायचा, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर बिल बघून चक्कर येते. जहाजावरचा डॉक्टर पण पैसे घेतो, विमा काढल्याशिवाय निघू नका.

आणि फार महत्त्वाचं. आमच्या समोरच्या केबिनमधले इंदूरचे काका. रात्री उत्साहात सगळं भरून बॅग दाराबाहेर. सकाळी बघतात तर अंगावरच्या पायजम्याशिवाय घालायला काही नाही. बिचारे तसेच, पायात केबिनच्या सपाता, इमिग्रेशनच्या रांगेत. तर दुसऱ्या दिवशीचे कपडे, चपला, औषधं, चष्मा, दात आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत.

ए-११०२ : दात 😂😂

बी-२०१ नाना : हसू नका. वेळ सगळ्यांवर येते.

सी-१०१ : अष्टविनायक हिशोबाबाबत तिसऱ्यांदा लिहीत आहे. कोणावर आरोप नाही. हिशोब असावा एवढंच.

डी-६०२ : टाकतो हो! संध्याकाळी टाकतो! समोरासमोर भेटल्यावर हसून बोलता आणि इथे तीनतीनदा लिहिता.

सी-१०१ : समोरासमोर विचारलं होतं. गणपतीत. आरतीनंतर.

सेक्रेटरी : कृपया शांतता राखावी. दोघेही ऑफिसात या, मी चहा सांगतो.

बी-७०३ : काकू, एक राहिलं. सिंगापूरला परत येताना ते अरायव्हल कार्ड पुन्हा भरावं लागतं का? एजंटने एकदाचेच पैसे लावलेत.

ए-३०४ काकू : पैसे?? एसजी अरायव्हल कार्ड फुकट असतं. आयसीएच्या, म्हणजे तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर, पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत. जाताना एकदा आणि जहाजावरून परत उतरताना पुन्हा, कारण तो नवीन प्रवेश धरतात. म्हणून व्हिसा पण मल्टिपल एन्ट्रीचाच आहे ना, ते प्रत्येकाने आज काढून बघा. उतरताना लोक अडकतात ते बहुतेक इथेच. फुकेतलाच हॉटेलच्या नाहीतर कॅफेच्या वायफायवर भरून टाका.

ए-१२०५ : फुकटच्या फॉर्मचे पैसे. नोंद घेतली.

डी-६०२ : ती सर्व्हिस फी असेल. विचारतो. परत करायला लावतो, माझ्या समोर.

आणि मघाशी रागात लिहिलं असेल तर ताई, मनावर घेऊ नका. आत्ताच एजंटला फोन केला. सेल्फ सगळ्यांचंच काढतोय. व्हीलचेअर कोणाकोणाला हवी ते आज रात्री नऊपर्यंत मला कळवा. फुकेतला जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर नेतात. तिथे व्हीलचेअरचं जमेलच असं नाही, हे त्याने सांगितलं.

ए-३०४ काकू : बरोबर आहे. टेंडरमध्ये पाऊल टाकताना बोट हलते. तुझ्या आईला सांग, तू फुकेतला जहाजावरच राहा. त्या दिवशी सगळे खाली उतरलेले असतात, अख्खं डेक आपलं. पिनांगला मात्र उतर. तिथे जहाज थेट जॉर्जटाउनच्या धक्क्याला लागतं, बाहेर पडलं की समोर गाव.

बी-७०३ : आईबाबा दोघांसाठी व्हीलचेअर लिहा. बाबा नाही म्हणतायत, तरी लिहा. धन्यवाद दादा.

सी-२०२ वहिनी : आमच्या ह्यांची पण. ह्यांना सांगू नका.

डी-६०२ : 📎 अष्टविनायक_हिशोब

सी-१०१ : मिळाला. आभार. पान ३ वर पालीचा नाश्ता दोनदा धरला आहे.

ए-११०२ : 🍿🍿

बी-७०३ : काकू, ते केबिनचं कार्ड गळ्यात अडकवायची दोरी जहाजावर मिळते का? आई विचारतेय.

ए-३०४ काकू : मिळते, डॉलरमध्ये. माझ्याकडे दोन आहेत, सातनंतर घेऊन जा. टॅग लावायचं प्लॅस्टिकचं पाकीट पण देते, पावसात कागद फाटतो.