फ्लॅश मीटरचं रीडिंग आणि फोटो जुळत नाहीत

प्रश्न: फोटोच्या छत्रीत एक स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश), कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरने टीटीएलवर (फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो) चालवतोय. आयएसओ १००, शटर १/१६०. हातातला मीटर एफ/४ दाखवतो, पण तेवढंच अ‍ॅपर्चर ठेवलं की चेहरा पांढराफटक पडतो. मीटर बिघडलाय का?

प्रतिसाद १: मीटर ठीक असावा. टीटीएलमध्ये मुख्य झोताआधी एक बारीक प्रीफ्लॅश उडतो. मीटर तोच पकडून मोकळा होतो, म्हणून आकडा कमी येतो. फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, १/४ पॉवरपासून सुरुवात करा. मीटरवर आयएसओ आणि शटर कॅमेऱ्याइतकंच भरा, विनावायर मोड (वायर न जोडता मीटर फ्लॅश उडण्याची वाट बघतो) लावा आणि ट्रिगरचं टेस्ट बटण दाबा. एफ/५.६ आलं आणि एफ/८ हवं असेल तर पॉवर १/२ करा. हायस्पीड सिंक (फार वेगवान शटरसाठीचा फ्लॅशचा मोड) बंदच हवं. त्यात फ्लॅश एका झोताऐवजी लुकलुकत राहतो, मीटर फसतो.

प्रतिसाद २: मीटर कुठे धरता तेही बघा. हनुवटीखाली, चेहऱ्याला जवळजवळ टेकवून, पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे. स्वतःची सावली त्यावर पडू देऊ नका. दोन लाइट असतील तर एकेक चालू ठेवून, घुमट त्या-त्या लाइटकडे वळवून मोजा. मुख्य एफ/८ आणि फिल (सावली उजळणारा लाइट) एफ/४ म्हणजे दोन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). सावली गडद, पण तपशील राहतो.

प्रतिसाद ३: मोजल्यावर माणूस हलला तर पुन्हा मोजा. लाइटपासून १ मीटरवरून १.४ मीटरवर गेला की अख्खा एक स्टॉप जातो.