जुडास प्रीस्ट: ‘टर्बो’ला शिव्या आणि ‘पेनकिलर’ला हार, हा कुठला न्याय?

मिरकरवाडा: रत्नागिरीत मेटल (जोरकस गिटार-ड्रमचं रॉक संगीत) ऐकणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके, पण भांडायला पुरेसे. जुडास प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडचा विषय निघाला की ठरलेली आरती सुरू होते: १९८० चा ‘ब्रिटिश स्टील’ थोर, १९८६ चा ‘टर्बो’ म्हणजे बाजारात मांडलेलं इमान, आणि १९९० चा ‘पेनकिलर’ म्हणजे त्याचं प्रायश्चित्त. मला हे मान्य नाही. दोन्ही अल्बम जमान्याकडे बघूनच केले. ८६ साली एमटीव्हीवर सिंथेसायझरची चलती होती, तेव्हा यांनी गिटार सिंथ, म्हणजे गिटारमधून सिंथेसायझरचे आवाज काढणारं वाद्य, हातात घेतलं. ९० पर्यंत मेटालिका आणि स्लेयर या थ्रॅश (वेगवान मेटल) बँडनी वेगाचं मापच बदलून टाकलं, तर यांनी ड्रमर बदलला, स्कॉट ट्रॅव्हिसला आणलं आणि डबल बासचा (दोन्ही पायांनी बास ड्रम बडवण्याचा) धुरळा उडवला. एकाला लाचारी म्हणायचं आणि दुसऱ्याला बाणेदारपणा? आणि मधल्या काळात, १९८८ ला, पॅरिसला जाऊन स्टॉक-एटकिन-वॉटरमन या डिस्को-पॉपवाल्या निर्मात्यांबरोबर गाणी करून आले, ती डब्यातच ठेवली, ते सोयीस्करपणे विसरायचं!

मालवणचो: माका ह्या अजिबात पटूक नाय. थ्रॅशवाल्यांनी वेग आणला कुठून? १९७८ च्या ‘स्टेन्ड क्लास’मधलं ‘एक्सायटर’ लावा, पहिल्या काही सेकंदांतले ड्रम ऐका. मेटालिकाचा तेव्हा पत्ता नव्हता. खुद्द स्लेयरने १९८८ मध्ये प्रीस्टचं ‘डिसिडंट अग्रेसर’ वाजवलं, जे मुळात १९७७ चं. म्हणजे ‘पेनकिलर’मध्ये प्रीस्टने उधारी केली नाही, आपलं येणं वसूल केलं. ‘टर्बो’चं तसं नाही. सिंथ त्यांच्या अंगणातला नव्हताच.

मिरकरवाडा: अंगणात काय काय होतं ते तरी बघा. ‘ब्रिटिश स्टील’ रेकॉर्ड करताना ‘मेटल गॉड्स’मध्ये यंत्रमानव चालल्याचा आवाज हवा होता, तर काटे-चमच्यांचा ट्रे माइकसमोर खळखळवला. ‘ब्रेकिंग द लॉ’साठी दुधाच्या बाटल्या फोडल्या. हाताला लागेल त्यातून आवाज काढणारी माणसं ही. सहा वर्षांनी हाताला सिंथ लागला, एवढंच.

बेंजोवाला_लांजा: मी गणपतीत, लग्नात बेंजो वाजवतो, मेटल पुतण्यामुळे ऐकायला लागलो. आमच्या पार्टीत ऑक्टोपॅड आला तेव्हा गावातले जुने लोक असेच खवळले होते. वर्षभरात तेच मिरवणुकीत पुढे नाचत होते, कारण चाल तीच होती. ‘टर्बो लव्हर’ मला म्हणून आवडतं. खाली एकच ठेका धडधडत राहतो, त्यांचा गायक हॅलफर्ड किंचाळत नाही, खालच्या पट्टीत बोलल्यासारखा गातो, आणि गाणं हळूहळू चढतं. इतका आवाज असलेला माणूस तो राखून ठेवतो, यालाही दम लागतो. बाकी अल्बममधली तीन-चार गाणी मात्र भरतीची आहेत, ते मान्य करा मिरकरवाडाशेठ.

चाकरमानी_दादर: एक गोष्ट कोणीच बोलत नाही. त्याच १९८६ मध्ये आयर्न मेडन या दुसऱ्या मेटल बँडनेही ‘समव्हेअर इन टाइम’वर गिटार सिंथ वापरला. त्यांना कोण शिव्या देतं? कोणी नाही! कारण त्यांनी गाणी लांब, गुंतागुंतीचीच ठेवली. १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीत मेडन ऐकलं, पोरं शब्द न् शब्द गात होती, जुन्या गाण्यांना जास्तच. प्रीस्टने सिंथबरोबर पार्टीची गाणीही घेतली. राग त्याचा आहे, वाद्याचा नाही.

जहाजी_जयगड: तुम्ही लोक ‘टर्बो’वर अडकलात, खरी लाज पुढे आहे. ‘पेनकिलर’नंतर हॅलफर्ड गेला, ग्रंज या नव्या रॉकच्या लाटेने सगळं झोपवलं, आणि सात वर्षांनी, १९९७ ला, आला ‘जुग्युलेटर’. गिटारी खालच्या सुरात उतरवलेल्या, पँटेरा बँडसारखी घुसमट, चाल शोधून सापडत नाही. नवा गायक रिपर ओवेन्सला दोष देऊ नका. ओहायोतला पोरगा, प्रीस्टचीच गाणी गाणाऱ्या बँडमधून थेट प्रीस्टमध्ये आला, गळा तर असा की बोटीच्या इंजिनरूममध्येही ऐकू येईल. त्याला गायला गाणीच दिली नाहीत. आणि तिकडे हॅलफर्ड स्वतः काय करत होता? १९९८ ला ‘टू’ नावाचा बँड काढून, डोळ्यांत काजळ घालून इंडस्ट्रियल (यंत्रांसारख्या आवाजाचं रॉक) गात होता. दोन्ही पक्ष जमान्यामागे पळत होते, आणि दोघांचीही गाडी सुटलेली.

मालवणचो: जहाजीभाऊंशी शंभर टक्के सहमत. म्हणूनच म्हणतो, प्रीस्ट दुसऱ्याकडे बघायचं थांबवतो तेव्हाच प्रीस्ट असतो. २०१८ चा ‘फायरपॉवर’ घ्या. गिटारवादक टिप्टनला पार्किन्सन्स, वय झालेलं, तरी अमेरिकेत आणि इंग्लंडातही अल्बम पाचव्या नंबरवर. कोणाची नक्कल केली त्यात?

मिरकरवाडा: स्वतःची! आज जुनाच आवाज विकला जातो, जुन्या बँडकडे लोक तेच मागतात, तोही जमानाच झाला की. मला ‘फायरपॉवर’ आवडतो, पण त्याला बंडखोरी म्हणू नका.

मालवणचो: मग तुमच्या हिशोबाने माणसाने करायचं तरी काय? बदलला तरी ट्रेंड, नाही बदलला तरी ट्रेंड.

मिरकरवाडा: गाणं चांगलं करायचं, बस. २०२४ च्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’मधलं ‘पॅनिक अटॅक’ लावा. बहात्तरीत हॅलफर्ड तिथे वर जातो, त्याबद्दल वाद नाही. पण गाण्याची पहिली काही सेकंदं ऐका आणि सांगा, तो आवाज कुठल्या अल्बममधून आलाय. ३८ वर्षांनी त्यांनी स्वतःच तो परत काढलाय, मालवणकरांनु.