उभ्या दगडाला कायदा, आडव्याला सुरुंग?

हिमयात्री:
नेदरलँड्सच्या द्रेंथ प्रांतात 'हुनेबेड' ही पाच हजार वर्षांहून जुनी दगडी थडगी आहेत. १७३०च्या दशकात लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनी बंधाऱ्यांचे खांब खाल्ले, दगडाला भाव आला. थडग्यांचे दगडही जाऊ लागले, म्हणून प्रांताने १७३४ मध्ये बंदी घातली. सुट्या शिळांना मात्र कोणी वाली नव्हता. खरं तर थडग्यांचे दगड काय आणि सुट्या शिळा काय, सगळं हिमयुगातल्या बर्फानेच स्कँडिनेव्हियाकडून आणलेलं! शेतातल्या मोठ्या शिळांनाही तितकंच संरक्षण हवं.

नांगरआधी:
साफ असहमत. थडग्यात माणसाचे कष्ट आहेत. शिळा बर्फ वितळला तिथे पडली, एवढंच. थंडीत माती गोठून फुगते आणि धोंडे वर येतात, दरवर्षी नवे. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी ते वेचून कुंपणाच्या भिंती रचल्या. ते चूक होतं का?

हिमयात्री:
धोंडे खुशाल वेचा. मी घराएवढ्या शिळांबद्दल बोलतेय. त्यांची जागा हाच पुरावा असतो. चुनखडीच्या जुरा पर्वतावर आल्प्सचा ग्रॅनाइट कसा, या कोड्यातूनच लुई आगासी या शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला हिमयुगाची कल्पना मांडली. यॉर्कशरमध्ये नॉर्बरला गडद शिळा चुनखडीच्या बुटक्या चौथऱ्यांवर बसल्यात. भोवतालची चुनखडी पावसात विरघळली, शिळेखालची वाचली. बर्फ गेल्यापासून किती झीज झाली ते चौथऱ्याच्या उंचीवरून कळतं. शिळा हलवली की ते मोजमाप गेलं.

पुराजिज्ञासू:
नॉर्बर मान्य, पण 'तितकंच' नाही पटत. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचे निळे दगड वेल्सच्या प्रेसेली टेकड्यांतले, सुमारे २२५ किमी दूरचे. ते माणसांनी आणले असं बहुतेक पुरातत्त्वज्ञ मानतात. असे कष्ट आणि नुसतं पडून राहणं एका पारड्यात कसं घालायचं?

हिमयात्री:
तुमचंच उदाहरण घ्या. ते दगड बर्फाने आणले म्हणणारेही आहेत. त्यांना विचारतात, मग स्टोनहेंज जिथे आहे त्या सॅलिसबरीच्या माळावर तशा सुट्या शिळा का नाहीत? उत्तर येतं, लोकांनी फोडून वापरल्या असतील. आता हे तपासणार कसं? सुटी शिळा गेली की उभ्या दगडाचा इतिहासही अर्धवट राहतो.

नांगरआधी:
पुरावा सगळ्यांचा, मग नुकसान एकट्या शेतकऱ्याचं का? स्वित्झर्लंडमध्ये मोंतेजवळची 'पिएर दे मार्मेत' ही प्रचंड शिळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणवाल्यांच्या तावडीतून विकत घेऊन वाचवली. तसं करा, माझी हरकत नाही. फुकटच्या बंदीला आहे.