इंटरव्ह्यूला रट्टा मारून जाऊ नका
कोणीतरी सल्ला दिलाय की इंग्रजी कच्चं असेल तर 'टेल मी अबाउट युअरसेल्फ'चं उत्तर पाठच करून जा. नका करू बाबांनो, रट्टा मारलेला समोरच्याला लगेच कळतो आणि मधेच काही विचारलं की ततपप होतं. त्यापेक्षा रेझ्युमेतली एकेक ओळ घेऊन स्वतःलाच प्रश्न विचारा, म्हणजे प्रोजेक्टला मायएसक्यूएल हाच डेटाबेस का घेतला, त्यात तुम्ही नेमकं काय केलं आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनी काय, कारण फ्रेशरला तिथेच धरतात (आणि पायथॉनसारखी प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर ती रेझ्युमेत उगाच ठोकून देऊ नका). बाकी इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) असेल तर कुर्ला स्टेशनच्या शेअर रिक्षाच्या लाईनीचा वेळ धरूनच निघा, रविवारी असेल तर लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी गाड्या बंद असतात तो) आदल्या दिवशीच बघून ठेवा.