ग्वामचा महिला फुटबॉल संघ: बेटावरच्या मुली की अमेरिकेत वाढलेल्या?

कॉर्नरफ्लॅग (धागाकर्ता)

ग्वाम हा पश्चिम प्रशांत महासागरातला अमेरिकेचा भूभाग. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १,५३,८३६, म्हणजे आपल्याकडचा एखादा लहानसा तालुका. देश नसला तरी फिफाचा सदस्य आहे आणि खेळतो आशियात. २०२६ च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीत मुलींच्या गटात व्हिएतनाम, यूएई आणि मालदीव होते. ५ जुलै २०२५ ला व्हिएतनामने त्यांना ४-० हरवलं. (त्याच दिवशी आपल्या मुलींनी थायलंडला २-१ नमवून तिकीट काढलं.)

दरवेळी संघाची घोषणा झाली की कॅलिफोर्नियात किंवा वॉशिंग्टनमध्ये वाढलेल्या, आजी-आजोबा ग्वामचे असलेल्या मुली त्यात दिसतातच. ही भरती आवरावी, तिच्यावर जाणारा विमानखर्च बेटावरच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींवर करावा, असं माझं मत. तुमचं काय?

मधलीफळी

साफ असहमत. आधी हिशोब करा. दीड लाखात निम्म्या बायका, त्यातल्या १६ ते ३० वयाच्या फार तर पंधरा-सोळा हजार. त्यातून फुटबॉल खेळणाऱ्या, दुखापत नसलेल्या आणि तीन आठवडे सुट्टी मिळू शकणाऱ्या २३ जणी काढायच्या, त्यात तीन गोलकीपर हव्यात. बेटाच्या भरवशावर राहिलं की काय होतं ते १९९७ ला दिसलंच: जपान २१, ग्वाम ०.

शेजारच्या फिलिपिन्सने काय केलं? २०२३ च्या विश्वचषकात त्यांच्या २३ पैकी १८ जणी अमेरिकेत जन्मलेल्या. वेलिंग्टनला यजमान न्यूझीलंडला १-० हरवलं ते सरीना बोल्डेनच्या हेडरवर. तीही कॅलिफोर्नियाचीच.

शिवाय "बेटावरची" म्हणजे नक्की कोण? ग्वामची चांगली खेळाडू अठराव्या वर्षी कॉलेजसाठी अमेरिकेलाच जाते. मग तिला कुठल्या रकान्यात टाकणार?

खडूस_गोली

फिलिपिन्सचं उदाहरण सगळे देतात, पण त्यांच्या मागे अकरा कोटींचा देश आणि महिनोन्‌महिने चाललेली शिबिरं होती, हे कुणी सांगत नाही.

अमेरिकन कॉलेजच्या खेळाडूंचा खरा प्रश्न वेगळाच आहे. तिथल्या नियमांप्रमाणे उत्तरार्धात बाहेर गेलेली मुलगी एकदा परत मैदानात येऊ शकते. त्यामुळे प्रशिक्षक तिला दहा मिनिटं बसवतो, दम खाऊ देतो, परत उतरवतो. फिफाच्या सामन्यात बाहेर गेली की गेली. बदल पाच, तेही खेळ तीनदाच थांबवून. त्यात ग्वामसारखा संघ ५-४-१ (पाच बचावाला, चार मधे, एक पुढे) लावून आपल्या गोलजवळ खोल बसतो. साठाव्या मिनिटानंतर विंगबॅक (कडेची बचावपटू) क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर येणारा पास, अडवायला दोन पावलं उशिरा निघते. तिला झाकायला बाजूची सेंटरबॅक (मधली बचावपटू) बाहेर सरकते, गोलच्या दुसऱ्या खांबाजवळ जागा मोकळी पडते, आणि गोल तिथेच होतो. हे काही डावपेचांचं अज्ञान नाही, सलग नव्वद मिनिटं खेळायची सवय नसते.

कॉलेजचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांना या मुली मिळणं अवघड. कॉलेज हा फिफाचा क्लब नाही, खेळाडूला सोडायची त्याच्यावर सक्ती नाही.

मधलीफळी

@खडूस_गोली, हंगामाचं बरोबर. पण पात्रता फेरी होती जून-जुलैत. तेव्हा अमेरिकेतली महिलांची यूएसएल डब्ल्यू लीग चालू असते, मे ते जुलै. निवड करताना एवढंच बघायचं: गेल्या सहा आठवड्यांत मुलगी किती मिनिटं खेळली? नुसती जिममध्ये घाम गाळणारी नको.

दर्यावर्दी

पात्रतेच्या नियमाबद्दल कुणीच बोललं नाही. ग्वामला स्वतःचं नागरिकत्व नाही, पासपोर्ट अमेरिकेचाच. म्हणून फिफाला त्याशिवाय आणखी एक धागा लागतो: जन्म ग्वामचा, किंवा आई-वडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी कुणाचा तरी, किंवा ठरावीक वर्षं तिथे वास्तव्य.

आता गंमत बघा. अमेरिकी नौदलाच्या ग्वाममधल्या रुग्णालयात जन्मलेली सैनिकाची मुलगी तिसऱ्या वर्षी टेक्सासला गेली तरी ग्वामकडून खेळू शकते. उलट मायक्रोनेशिया या बेटांच्या देशातून, समजा तिथल्या चूक (Chuuk) राज्यातून ग्वामला आलेलं कुटुंब घ्या. अमेरिकेशी असलेल्या करारामुळे त्यांना व्हिसाशिवाय राहता येतं, नोकरी करता येते, पण नागरिकत्व मिळत नाही. त्यांची तिकडे जन्मलेली मुलगी ग्वाममधल्या शाळेच्या संघाची कर्णधार झाली तरी राष्ट्रीय संघ तिला बंद. मायक्रोनेशिया फिफात नाही, म्हणजे तिकडूनही वाट नाही. धागाकर्त्यांनी पंधरा वर्षांखालच्या मुलींवर खर्च जरूर करावा, पण त्यातल्या काही जणी या नियमात अडकतील हे धरूनच.

कॉर्नरफ्लॅग

@दर्यावर्दी, हा मुद्दा पटला. तरी खर्चाचं माझं म्हणणं कायम. फिफा २०२३ ते २०२६ या चार वर्षांत प्रत्येक संघटनेला दैनंदिन कामासाठी ५० लाख डॉलरपर्यंत देते, प्रकल्पांसाठी ३० लाखांपर्यंत. ऐकायला भरपूर, पण त्यात पुरुष, महिला, सगळे वयोगट आणि पंच आले. लॉस एंजेलिसहून होनोलुलूमार्गे ग्वाम म्हणजे नुसतं उडणंच तेरा तासांच्या वर, घड्याळात उन्हाळ्यात १७ तासांचा फरक. मुलगी शिबिरात आल्यावर पहिले चार-पाच दिवस झोपेतच जातात.

खडूस_गोली

मग तिला ग्वामला आणताच कशाला? सामने व्हिएतनामला होते, मनिला वाटेवर. ग्वामहून मनिला चारेक तासांत गाठता येतं. दोन्हीकडच्या मुली मनिलात एकत्र करा, पहिल्या सामन्याच्या दहा दिवस आधी. पहिले तीन दिवस हलका सराव, चौथ्या दिवशी नव्वद मिनिटांचा सराव सामना, बदल पाचच. आणि गोलकीपर मात्र बेटावरचीच घ्या, म्हणजे ती वर्षभर बचावफळीतल्या निदान दोघींबरोबर खेळलेली असेल. कॉर्नरला "माझा" म्हणून कोण ओरडणार, हे दहा दिवसांत ठरत नाही.

मधलीफळी

गोलकीपरला माझी हरकत नाही. स्ट्रायकर मात्र बाहेरचीच लागणार.