मदत हवी आहे: सोसायटीतील लॉन काढून देशी झाडाझुडपांची बाग (नाशिक)

नमस्कार. गंगापूर रोड परिसरातील आमच्या सोसायटीच्या मागील बाजूस मध्यम आकाराचे लॉन आहे. उन्हाळ्यात ते हिरवे ठेवण्यासाठी टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते आणि त्यावर मुले खेळतही नाहीत, म्हणून सर्वसाधारण सभेने निम्म्या भागात देशी गवत, फुलझाडे व झुडपे लावण्यास तत्त्वतः संमती दिली आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीस लागवड व्हावी, अशी इच्छा आहे.

पहिली अडचण जमिनीची. लॉन 'सिलेक्शन वन' गवताचे, म्हणजे हरळीच्याच एका प्रकाराचे आहे, आणि हरळीच्या काशा (जमिनीखाली पसरणारी खोडे) किती चिवट असतात, हे शेतीशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. तणनाशक वापरायचे नाही. फेब्रुवारीपासून पाणी तोडून, एप्रिल-मे महिन्यांत खणून काशा वेचायच्या आणि नंतर पुठ्ठा व पालापाचोळा अंथरायचा, असा विचार आहे. एवढ्याने भागेल का? शिवाय लॉनसाठी काळ्या मातीवर लाल मातीचा थर टाकलेला आहे. तो तसाच ठेवावा की खालच्या मातीत मिसळावा? काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, त्यामुळे डोंगरउतारावरची, निचरा मागणारी झुडपे तिच्यात कुजतील, अशी शंका वाटते.

झाडांची निवड बरीचशी ठरली आहे: कडेला करवंद, निरगुडी, अडुळसा, उन्हात तरवड आणि धायटी, मोकळ्या जागेत मारवेल व पवन्या ही गवते, आणि अधूनमधून तेरडा. धायटी विशेष हवी आहे, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर तिला लाल फुले येतात आणि शिंजीर पक्षी त्यांवर येतात. फुलपाखरांच्या अळ्यांसाठी लिंबू, कढीपत्ता आणि एका कोपऱ्यात रुई असेल. रुईवर बिबळ्या कडवा हे फुलपाखरू अंडी घालते. मात्र तिचा चीक डोळ्यांत गेल्यास अपाय होतो, म्हणून ती मुलांच्या वाटेपासून दूर ठेवू. 'रानफुलांचे बी' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत बहुधा कॉसमॉस असतो, जो मूळचा मेक्सिकोचा आणि आपल्या माळांवर पसरणारा. तो नको आहे. अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवरून रोपे उपटून आणण्याचा सल्लाही कृपया कोणी देऊ नये. नाशिकजवळ या गवतांचे बी आणि झुडपांची रोपे रीतसर कोठे मिळतील, एवढेच सांगावे.

सर्वांत अवघड प्रश्न जानेवारी ते मे या काळाचा आहे. आपल्याकडचे गवत दिवाळीनंतर पिवळे पडते, आणि सभासदांना ते निगा न राखलेल्या रिकाम्या प्लॉटसारखे दिसेल. त्यातच वाळलेल्या गवतात साप येतील व आग लागेल, हे दोन आक्षेप सभेत आलेच, आणि मला ते अगदीच निराधार वाटत नाहीत. बी गळून गेल्यावर गवत कापायचे, वाटेच्या दोन्ही बाजूंचा पट्टा कायम आखूड ठेवायचा आणि उंदीर वाढू नयेत म्हणून कचऱ्याची जागा तेथून हलवायची, एवढे सुचले आहे. पण बी खाणाऱ्या मुनिया पक्ष्यांसाठी काही भाग उभाच ठेवायचा झाल्यास तो इमारतीपासून किती दूर असावा? ज्यांनी सोसायटीत अशी बाग किमान एक उन्हाळा सांभाळली आहे, त्यांनी शक्य असल्यास एप्रिल-मे महिन्यांतील छायाचित्रे द्यावीत. पावसाळ्यातील छायाचित्रांवर आमच्या सभासदांचा विश्वास बसणार नाही.