४० वर्डप्रेस साइट्स, ३ सर्व्हर: अपडेट एकदम कसे चालवावेत?

रानवारा:
नमस्कार मंडळी. ४० वर्डप्रेस साइट्स तीन व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) आहेत. प्रत्येकी ४ जीबी रॅम, उबुंटू, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (साइटचा पीएचपी कोड चालवणारी सेवा). ग्राहक वेगवेगळे, त्यातली ६ वूकॉमर्सची (वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्या प्लगइनची) दुकानं. सध्या एकेका डॅशबोर्डमध्ये शिरून अपडेट होतात. मल्टिसाइट (एकाच इन्स्टॉलवर अनेक साइट्स), मेनडब्ल्यूपी (अनेक साइट्सचा एकच डॅशबोर्ड), डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेस टर्मिनलमधून चालवायचं साधन) की अँसिबल (अनेक सर्व्हरवर ठरलेली कामं आपोआप चालवणारं साधन)? काम एका आदेशात व्हायला हवं, पण एक प्लगइन बिघडलं म्हणून चाळीसही साइट्स झोपायला नकोत.

टर्मिनलतात्या:
मल्टिसाइट आधी बाजूला ठेवा. ती एकाच संस्थेच्या शाखा-विभागांसाठी चांगली. तिथे प्लगइनची फाइल सगळ्यांना मिळून एकच असते, म्हणजे तुम्हाला जी भीती आहे तीच गोष्ट पक्की होते. शिवाय एखादा ग्राहक उद्या दुसरीकडे जातो म्हणाला, तर त्याची टेबलं आणि युजर वेगळे काढणं किचकट.

मेनडब्ल्यूपी तुमच्याच सर्व्हरवर बसतं आणि सगळ्या साइट्स एका पडद्यावर दिसतात. टर्मिनल न वापरणारं कोणी सोबत असेल तर ते जरूर घ्या. पण एवढं लक्षात ठेवा की ते मुख्य डॅशबोर्ड म्हणजे ४० घरांची किल्ली. ते वेगळ्या इन्स्टॉलवर ठेवा, तिथे जनतेसाठी दुसरं काही चालवू नका आणि लॉगिनला दोन टप्पे लावा.

तुमच्या गरजेला डब्ल्यूपी-सीएलआय आणि त्यावर अँसिबल हे बरोबर बसेल. सीएलआयच्या यामल फाइलमध्ये (सेटिंग्जच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) प्रत्येक साइटला एक उपनाम द्या (एसएसएच म्हणजे दुरून लॉगिनचा युजर, सर्व्हर, फोल्डरचा मार्ग). मग ‘ऑल’ या उपनामावर दिलेला आदेश सगळीकडे एकामागून एक चालतो. पाहणीसाठी हे उत्तम: कुठे कोणती आवृत्ती, कुठलं अपडेट बाकी, कोअरच्या (मूळ वर्डप्रेसच्या) फाइल्सचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारी खूण) जुळतो का. अपडेटसाठी मात्र हा मार्ग नको, कारण एक साइट पडली तरी तो थांबत नाही, पुढच्या साइटवर जातो.

घाटमाथा:
तात्यांशी सहमत. अँसिबलमध्ये बहुतेक जण जिथे अडकतात ते सांगतो.

‘सिरीयल’ (एका तुकडीत किती घ्यायचे ते ठरवणारा पर्याय) होस्ट मोजतो, साइट्स नाही. इन्व्हेंटरीत (अँसिबलच्या होस्टांच्या यादीत) तीनच सर्व्हर लिहिलेत तर पहिल्याच सर्व्हरवर लूपमध्ये त्याच्यावरच्या सगळ्या साइट्स उडतील. म्हणून प्रत्येक साइट स्वतंत्र होस्ट म्हणून लिहा, ‘अँसिबल_होस्ट’मध्ये तोच आयपी पुन्हा आला तरी चालतो. मग सिरीयलला १, ५, १० अशी यादी द्या. पहिली साइट तुमची स्वतःची चाचणीची, दुकानं सर्वांत शेवटी.

दुसरं, ‘मॅक्स_फेल_पर्सेंटेज’ (तुकडीत किती टक्के अपयश चालेल) ० ठेवा. नाहीतर पाचांच्या तुकडीत चार साइट्स पडल्या तरी अँसिबल पुढची तुकडी सुरू करतो. सगळ्याच पडल्या तरच आपणहून थांबतो. फोर्क्स (एकाच वेळी किती होस्टवर काम चालेल) मुळात ५ असतात. पाचही साइट्स एकाच ४ जीबीच्या सर्व्हरवर असतील तर तेवढी अनझिप आणि डेटाबेस डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत काढणं) एकदम चालतात, तेव्हा फोर्क्स २ वर आणा.

क्रम असा: डेटाबेसचा डंप (टेबलं इनोडीबी प्रकारची असतील तर सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्यायासह, म्हणजे टेबलं लॉक होत नाहीत), प्लगइन फोल्डरची प्रत, अपडेट, कोअरचं डेटाबेस अपडेट, मग तपासणी. तपासणीत नुसता २०० कोड (सर्व्हरचं ‘पान मिळालं’ हे उत्तर) बघू नका. पेज कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती) जुनं पान २०० देऊन दाखवतच राहतो आणि आत साइट मेलेली असते. लॉगिनचं पान सहसा कॅश होत नाही, तेही मागा. पण ते थीमचे टेम्प्लेट वापरत नाही, म्हणून मुख्य पान कॅश साफ करून मागा आणि फुटरमधलं एखादं वाक्य त्यात सापडतं का ते बघा.

निळीशाई:
काही बारकावे, कारण गडबड इथेच होते.

सीएलआय रूट म्हणून कधीच चालवू नका. नव्या फाइल्स रूटच्या नावावर जातात आणि नंतर डॅशबोर्ड अपडेट करताना एफटीपीचा पासवर्ड मागत बसतो. प्रत्येक साइटला वेगळा लिनक्स युजर आणि वेगळा एफपीएम पूल (पीएचपी प्रक्रियांचा गट) द्या, म्हणजे एका साइटचं हॅकिंग शेजारच्या फोल्डरात शिरणार नाही. कमी वर्दळीच्या साइट्सना ‘ऑनडिमांड’ पद्धत लावा, रिकाम्या पूलची रॅम सुटते.

टर्मिनलमधलं पीएचपी आणि एफपीएमचं पीएचपी एकाच आवृत्तीचं आहे का, तेही बघा. सीएलआय ८.३ वर बिनतक्रार चालतं आणि साइट ७.४ वर कोसळते, हा नेहमीचा प्रकार आहे. ऑपकॅशमध्ये (पीएचपीचा तयार कोड साठवणाऱ्या कॅशमध्ये) टाइमस्टँप तपासणी बंद ठेवली असेल तर अपडेटनंतर एफपीएम रिलोड करा, नाहीतर जुना कोडच चालत राहील.

रेडिस (मेमरीतली कॅश) सामाईक असेल तर प्रत्येक साइटला वेगळा प्रीफिक्स (नोंदींच्या नावाआधीची खूण) हवाच. नसेल तर एका साइटच्या सेटिंग्ज दुसरीवर उमटतात आणि दोष मात्र प्लगइनवर जातो.

एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट: मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या सूचनेचे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत. तेव्हा शिल्लक दिवस मोजणारी स्वतःची तपासणी लावा.

रानवारा:
सर्वांचे आभार. दुकानांचं अपडेट फसलं तर डंप परत चढवायचा ना?

घाटमाथा:
दुकानावर ते शेवटचा उपाय म्हणून. डंपनंतर आलेल्या ऑर्डर्स त्यात नसतात, पुसल्या जातील. आधी फक्त प्लगइन जुन्या आवृत्तीवर न्या: सीएलआयच्या इन्स्टॉल आदेशाला आवृत्तीचा आकडा आणि ‘फोर्स’ द्या. विकतची प्लगइन्स वर्डप्रेसच्या भांडारात नसतात, तिथे तुम्ही घेतलेली फोल्डरची प्रत कामी येते. साइट उघडतच नसेल तर सीएलआयला ‘स्किप-प्लगइन्स’ आणि ‘स्किप-थीम्स’ हे दोन्ही पर्याय द्या, म्हणजे तो बिघडलेला कोड न चढवता चालतो. वूकॉमर्सने टेबलांची रचना बदलली असेल तर मात्र नुसता कोड मागे नेऊन भागत नाही. म्हणून दुकानांचं मोठं अपडेट आधी स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) करा, आणि खऱ्या साइटवर चालवताना तेवढा वेळ चेकआउट बंद ठेवा.